लहान वनाचा दहा वर्षांचा आराखडा कसा करावा

एक-दोन हेक्टरांपासून वीस-पंचवीस हेक्टरांपर्यंतचे वन ज्याच्या ताब्यात आहे, त्याला मोठ्या वनखात्याइतकी चूक परवडत नाही. हजारो हेक्टरांच्या वनात एखाद्या कोपऱ्यात तोड जास्त झाली, तर बाकीचे वन ती उणीव झाकून घेते. तीन हेक्टरांच्या वनात चाळीस झाडे चुकीची पडली, तर ती पोकळी पुढच्या पिढीलाही दिसत राहते. लहान वनाला मिळणारी सवलत वेगळीच आहे. त्यातले झाड न् झाड चालत जाऊन पाहता येते, त्याला क्रमांक देता येतो आणि पाच वर्षांनी पुन्हा त्याच झाडापाशी उभे राहता येते. पुढे मांडलेली पद्धत या सवलतीवरच उभी आहे. कोणते झाड राखायचे ते आधी ठरवावे, त्या झाडाच्या आड कोण येते ते मग पाहावे, आणि वन जेवढे वाढल्याचे मोजून दिसले त्याहून अधिक लाकूड त्यातून काढू नये.

वाढीच्या मर्यादेतच तोड करावी हा विचार जुना आहे. जर्मनीतील सॅक्सनी प्रांताच्या खाणींचा कारभार पाहणाऱ्या हान्स कार्ल फॉन कार्लोवित्झ यांनी १७१३ मध्ये तो लिहून ठेवला, कारण खाणींना आणि धातू वितळवण्याच्या भट्ट्यांना लागणारे लाकूड संपत चालले होते. मात्र वन नेमके वाढले किती हे कळल्याशिवाय या नियमाचा व्यवहारात उपयोग होत नाही. लहान क्षेत्राला मानवणारे उत्तर फ्रान्समधील आडॉल्फ ग्युर्नो यांनी मांडले आणि स्वित्झर्लंडमधील कूव्हे येथील वनात हेन्री बिओले यांनी १८९० पासून ते चिकाटीने राबवून दाखवले: ठराविक वर्षांनी झाडे मोजायची, थोडी तोडायची, पुन्हा मोजायची आणि वनाने दिलेल्या उत्तरावरून पुढचा निर्णय घ्यायचा. आजही छोट्या वनधारकाला याहून प्रामाणिक पद्धत सुचवता येईल असे मला वाटत नाही.

पहिले वर्ष पाहण्याचे

पहिल्या वर्षी कुऱ्हाड किंवा करवत वनात नेऊ नये, अशी माझी स्पष्ट शिफारस आहे; धोकादायक झुकलेले झाड किंवा वाटेवर पडलेले खोड एवढाच अपवाद करावा. वन प्रत्येक ऋतूत एकदा तरी पूर्ण फिरून पाहावे, कारण मुसळधार पावसात पाणी कुठून वाहते, कोरड्या दिवसांत कोणता भाग आधी वाळतो, कोणत्या झाडांना फळे धरतात आणि गुरे किंवा हरणे कुठून आत शिरतात, या गोष्टी एका फेरीत कळत नाहीत. याच वर्षात हद्दीच्या खुणा तपासून घ्याव्यात, शेजाऱ्यासोबत हद्द चालून यावी आणि तोड, वाहतूक व संरक्षित प्रजाती यांविषयी आपल्या भागात कोणते कायदे आणि परवाने लागू आहेत हे लेखी स्वरूपात माहीत करून घ्यावे. हे काम कंटाळवाणे असले, तरी नंतरचे बहुतेक वाद त्यातूनच टळतात.

नकाशा मोबाइलमधील उपग्रह छायाचित्रावरून काढला तरी चालतो. त्यावर हद्द, ओढे, झरे, उताराची दिशा, वाटा, खडकाळ जागा आणि मोठी जुनी झाडे दाखवावीत. त्यानंतर वनाचे कक्ष पाडावेत. जेथे झाडांच्या प्रजाती, वय, दाटी आणि माती साधारण सारखी आहे, आणि म्हणून पुढील दहा वर्षांत जेथे एकाच प्रकारचे काम करावे लागेल, असा सलग भाग म्हणजे कक्ष होय. पाच हेक्टरांच्या वनाला तीन किंवा चार कक्ष पुरतात. पंधरा कक्ष पाडले तर नोंदी ठेवण्यातच दम जातो. कक्षांच्या सीमा शक्यतो ओढा, वाट किंवा डोंगराची धार अशा नजरेला दिसणाऱ्या रेषांवर ठेवाव्यात.

प्रत्येक कक्षासाठी एक वाक्य लिहावे: हा भाग मला तीस वर्षांनी कसा दिसायला हवा आहे? एका कक्षातून सरपण हवे असेल, दुसऱ्यातून जाड इमारती लाकूड, तिसरा ओढ्याकाठचा भाग हात न लावता ठेवायचा असेल. एकाच कक्षाकडून सगळे मागितले, तर कोणतेही काम नीट होत नाही. हे वाक्य लिहिताना घरातील सर्व हिस्सेदारांना एकत्र बसवावे, कारण झाडाचे आयुष्य मालकाच्या आयुष्यापेक्षा मोठे असते आणि आराखडा बहुधा दुसऱ्याच कोणाला पुरा करावा लागतो.

मोजणी: घेर, वर्तुळ आणि सुतळी

दोन हेक्टरांपर्यंतच्या वनात ठराविक जाडीवरील सर्व झाडे मोजता येतात, आणि मोजावीतच. त्याहून मोठ्या वनात प्रत्येक कक्षात पाच-सहा नमुना वर्तुळे घ्यावीत. वर्तुळांच्या जागा घरी बसून नकाशावर सारख्या अंतराच्या चौकटीने ठरवाव्यात. वनात गेल्यावर जागा निवडू लागलो, तर पाय आपोआप चांगल्या झाडांकडे वळतात आणि आकडे फुगतात. केंद्रावर टिकाऊ खुंटी ठोकावी, जवळच्या दोन झाडांपासून तिचे अंतर आणि दिशा लिहून ठेवावी, म्हणजे खुंटी हरवली तरी जागा सापडते. ७.९८ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ २०० चौरस मीटर भरते; हेक्टरात अशी ५० वर्तुळे मावतात, म्हणून वर्तुळातील एक झाड हेक्टरी ५० झाडांचे प्रतिनिधित्व करते. त्रिज्येची दोरी उतारावर जमिनीलगत न धरता आडवी, समपातळीत धरावी. खोडाचा मध्य वर्तुळाच्या आत असेल तरच ते झाड मोजावे.

घेर जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर घेतात. आपल्या शरीरावर ही उंची कुठे येते ते एकदा मोजून सदऱ्याच्या गुंडीशी तिची सांगड घालून ठेवली, म्हणजे प्रत्येक वेळी पट्टी लावावी लागत नाही. उतारावर झाडाच्या वरच्या बाजूस उभे राहून मोजावे. झाड झुकलेले असेल तर उंची खोडाच्या अंगाने मोजावी. त्याच जागी गाठ किंवा फुगवटा असेल तर टेप तेवढी वर सरकवावी आणि तसे वहीत लिहावे. टेप लावण्यापूर्वी सैल साल, शेवाळ आणि वेली बाजूला कराव्यात, परंतु साल तासू नये. मोजलेल्या उंचीवर रंगाचा छोटा आडवा फराटा मारावा. पुढच्या मोजणीला टेप त्याच फराट्यावर बसली पाहिजे. दहा सेंटिमीटर वर-खाली झाले, तरी पाच वर्षांची सगळी वाढ त्या चुकीत हरवू शकते.

घेरावरून खोडाच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ काढता येते. पुढे त्याला खोडक्षेत्र म्हणू. मीटरमधील घेराचा वर्ग करून त्याला १२.५७ ने भागले की खोडक्षेत्र चौरस मीटरमध्ये मिळते. उदाहरणार्थ, एका वर्तुळात प्रत्येकी ६३ सेंटिमीटर घेराची १४ झाडे आहेत असे धरू. ०.६३ चा वर्ग ०.३९७, त्याला १२.५७ ने भागल्यावर एका झाडाचे खोडक्षेत्र सुमारे ०.०३१६ चौरस मीटर येते. चौदा झाडांचे ०.४४२, आणि त्याला ५० ने गुणल्यावर हेक्टरी २२.१ चौरस मीटर. प्रत्यक्षात झाडांचे घेर वेगवेगळे असतात, तेव्हा प्रत्येकाचे खोडक्षेत्र वेगळे काढून बेरीज करावी. आधी घेरांची सरासरी काढून मग वर्ग केला तर उत्तर कमी येते.

हाच आकडा पडताळण्यासाठी ऑस्ट्रियाच्या वाल्टर बिटरलिख यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेली एक युक्ती आहे, आणि पहिल्यांदा ऐकताना ती खोटी वाटते. एक सेंटिमीटर रुंदीची पट्टी पन्नास सेंटिमीटर लांब सुतळीला बांधावी, सुतळीचे दुसरे टोक गालाशी डोळ्याच्या खाली धरावे आणि सुतळी ताणून पट्टी डोळ्यासमोर उभी धरावी. मग एका जागी उभे राहून स्वतःभोवती पूर्ण फेरी घ्यावी आणि छातीच्या उंचीवर ज्यांचे खोड पट्टीपेक्षा रुंद दिसते तेवढीच झाडे मोजावीत. जितकी झाडे, तितके चौरस मीटर हेक्टरी खोडक्षेत्र. जाड झाड लांबूनही मोजले जाते आणि बारीक झाड जवळ असेल तरच, त्यामुळे हिशोब आपोआप जुळतो. खोड आणि पट्टी अगदी सारखी दिसली, तर अशी एकाआड एक झाडे धरावीत. तीव्र उतारावर ही मोजणी दुरुस्तीशिवाय वापरू नये. वरच्या उदाहरणातील वनात फेरी घेतल्यावर बावीसच्या आसपास झाडे भरली, तर दोन्ही मोजण्या एकमेकींना दुजोरा देतात. बारा किंवा पस्तीस भरली, तर कुठेतरी चूक आहे.

उंची मोजायला काठी पुरते. हात सरळ लांब केल्यावर डोळ्यापासून मुठीपर्यंत जेवढे अंतर होते, तेवढाच काठीचा भाग मुठीच्या वर ठेवून ती उभी धरावी. मुठीची रेषा बुंध्याला आणि काठीचे टोक शेंड्याला जुळेपर्यंत मागे सरकावे. आपल्यापासून झाडापर्यंतचे अंतर हीच झाडाची उंची. सपाट जमिनीवर हे चांगले साधते. उंची आणि व्यास यांचे गुणोत्तर, दोन्ही मीटरमध्ये धरून, ८० च्या पुढे गेले असेल, तर झाड आपल्या उंचीच्या मानाने बारीक आहे आणि शेजारी एकदम काढले तर ते वाऱ्यात मोडण्याची शक्यता वाढते. वरील उदाहरणातील झाडांचा व्यास २० सेंटिमीटर आहे; त्यांची उंची १८ मीटर असेल तर गुणोत्तर ९० येते, आणि अशा कक्षात विरळणी, म्हणजे दाटी कमी करण्यासाठी काही झाडे काढणे, हलकी ठेवावी लागते.

प्रत्येक वर्तुळाच्या आत एक लहान वर्तुळही आखावे आणि त्यात रोपटी मोजावीत: गुडघ्यापर्यंतची किती, गुडघ्याच्या वरची किती, आणि शेंडा खाल्लेली किती. गुडघ्यापर्यंत शेकडो आणि त्यावर एकही नाही असे दिसले, तर बियाणे आहे, रुजते आहे, पण कोणीतरी ते खात आहे किंवा उजेड अपुरा आहे. ते कारण सापडेपर्यंत नवी रोपे विकत घेऊन लावण्यात अर्थ नाही.

राखायची झाडे आणि विरळणी

विरळणीची सुरुवात बहुतेक जण वाकडे, रोगट, खुजे झाड शोधून करतात. वन त्यामुळे नीटनेटके दिसते, परंतु खाली दबलेली अशी झाडे काढल्याने वरच्या चांगल्या झाडांना उजेड फारसा वाढत नाही, कारण त्यांची स्पर्धा शेजारच्या तितक्याच उंच झाडांशी असते. म्हणून आधी राखायची झाडे निवडावीत. जोमदार, निरोगी, सरळ खोडाचे, भरदार आणि सर्व बाजूंनी सारख्या माथ्याचे झाड दिसले की त्याला पांढरा पट्टा मारावा. सरासरी दहा मीटरांवर एक या प्रमाणात हेक्टरी जास्तीत जास्त शंभर झाडे पुरेशी होतात. दोन उत्तम झाडे पाच मीटरांवर असली तर ती जोडीने राखावीत आणि एखाद्या भागात योग्य झाड नसेल तर तेथे पट्टा मारण्याचा हट्ट धरू नये. निवडीत एकाच प्रजातीचा भरणा होऊ देऊ नये. रोग किंवा कीड आली तर ती बहुधा एखाद्या प्रजातीवर येते, आणि मिश्र वनात उरलेली झाडे ती पोकळी भरून काढतात.

आता प्रत्येक राखीव झाडाखाली उभे राहून वर पाहावे. त्याच्या माथ्यात कोणाची फांदी घुसते आहे, कोण त्याला एका बाजूला ढकलते आहे, हे दिसते. त्यांपैकी सर्वांत त्रासदायक एकाला, फार तर दोघांना लाल खूण करावी. बाकीच्यांना, अगदी वाकड्यांनाही, तसेच सोडावे: ती जमीन सावलीत ठेवतात, राखीव झाडाच्या खोडावर बारीक फुटवे येऊ देत नाहीत आणि पुढच्या वेळी निवड करायला शिल्लक राहतात. एका विरळणीत कक्षाच्या खोडक्षेत्राचा चौथा हिस्सा ही मी वरची मर्यादा मानतो. उंच आणि बारीक झाडांच्या कक्षात त्याहूनही कमी. एकदाच जास्त काढून दहा वर्षे निवांत राहण्यापेक्षा पाच वर्षांनी दोनदा थोडे काढणे वनाला सोसते.

खुणा करण्याचे आणि तोडीचे काम एकाच दिवशी करू नये. पट्टे मारल्यानंतर आठवडाभराने दुसऱ्या दिशेने, शक्य तर दुसऱ्या माणसाला घेऊन, त्याच कक्षातून फिरावे; बऱ्याच खुणा बदलाव्या लागतात. माझ्याकडून पहिल्या वर्षी झालेली चूक याच घाईतली होती. पानगळ झालेल्या दिवसांत मी खुणा केल्या आणि वाळके समजून सात झाडांना लाल पट्टा मारला. नखाने सालीचा चिमूटभर कपचा काढून पाहिला असता तर खालचा हिरवा पदर दिसला असता. तो मी नंतर, पहिले झाड पडल्यावर, ताज्या छेदात पाहिला. पर्णझडीच्या वनात खुणा पाने असतानाच कराव्यात, आणि नसतील तर प्रत्येक संशयित झाडाला नख लावून पाहावे.

प्रत्यक्ष तोडीविषयी थोडक्यात. यांत्रिक करवतीचे प्रशिक्षण नसेल तर हे काम प्रशिक्षित माणसाला द्यावे, आणि स्वतः करायचे असेल तरी एकट्याने कधीही करू नये. झाड पडत असताना त्याच्या उंचीच्या दुपटीच्या आत दुसरे कोणी असू नये. झाड ज्या बाजूला पाडायचे तिकडे खाच घ्यावी, मागून काप देताना मध्ये बिजागरीसारखी लाकडाची पट्टी शिल्लक ठेवावी आणि ती पूर्ण कापू नये, कारण पडणाऱ्या झाडाची दिशा तीच सांभाळते. अडकून राहिलेल्या झाडाखाली जाऊ नये. राखीव झाडाच्या फांद्या छाटायच्या असतील, तर आधी खोडापासून थोड्या अंतरावर खालून अर्धवट काप, मग किंचित पुढे वरून काप, आणि शेवटी उरलेला खुंट फांदीच्या मुळाशी असलेल्या फुगीर कड्याला धक्का न लावता कापावा. ते कडे शाबूत राहिले की झाड जखम बंद करू शकते. खोडाशी सपाट कापले की जखम मोठी होते आणि कुज आत शिरते.

सरपणाचा कक्ष वेगळ्या रीतीने चालतो. सागवानासारख्या अनेक पानझडी प्रजाती खुंटातून पुन्हा फुटतात. फुटव्याला वापरायोग्य जाडी यायला दहा वर्षे लागत असतील, तर कक्षाचे दहा तुकडे करावेत आणि दरवर्षी एकच तुकडा, झाड सुप्तावस्थेत असताना, जमिनीलगत, पाणी साचणार नाही अशा तिरप्या आणि गुळगुळीत कापाने तोडावा. वर्ष-दोन वर्षांनी प्रत्येक खुंटावर दोन-तीन जोमदार फुटवे ठेवून बाकीचे काढावेत. तोडलेल्या तुकड्यात पहिली काही वर्षे गुरे शिरू देऊ नयेत, कारण कोवळा फुटवा त्यांना सर्वांत आधी सापडतो. काही चांगली झाडे बियाण्यासाठी उंच वाढू द्यावीत, म्हणजे म्हातारे होऊन मरणाऱ्या खुंटांची जागा नवी रोपे घेतील.

नवी पिढी

वन टिकते ते रोपट्यांवर, आणि रोपटी टिकतात उजेडावर. सावली सोसणाऱ्या प्रजातींना एका झाडाच्या जाण्याने पडलेला कवडसा पुरतो. प्रकाशप्रिय प्रजातींना मोठी पोकळी लागते. तिचा व्यास आजूबाजूच्या झाडांच्या उंचीइतका ठेवून सुरुवात करावी. वीस मीटर उंचीच्या वनात अशी पोकळी सुमारे ३१४ चौरस मीटरांची होते. जेथे हवी ती रोपटी आधीच उगवून खोळंबली आहेत, तेथेच पोकळी पाडावी. मोकळ्या जमिनीवर पाडली, तर घाणेरी किंवा रानमोडी यांसारखी आक्रमक झुडपे ती आधी बळकावतात. ती आधीच असतील, तर फुलण्यापूर्वी मुळासकट उपटून काढावीत आणि त्या जागी दोन-तीन वर्षे फेरी मारत राहावे. मोठ्या वनाला एवढी मजुरी परवडत नाही, लहान वनाला परवडते.

रोपे लावावीच लागली तर बियाणे जवळच्या, तशाच मातीच्या आणि हवामानाच्या वनातील झाडांचे घ्यावे. एका सुंदर झाडाखाली पोतेभर बी मिळते म्हणून ते तेवढेच गोळा केले, तर सगळे रोपवन भावंडांचे होते. बी किमान पंधरा-वीस मातृवृक्षांपासून, आणि ते वृक्ष एकमेकांपासून लांब असतील असे पाहून, थोडे थोडे गोळा करावे.

पाणी, माती, मृत लाकूड आणि वणवा

लाकूड बाहेर काढताना होणारे मातीचे नुकसान तोडीपेक्षा जास्त दिवस टिकते. ओल्या मातीवरून जड ट्रॅक्टर नेला, तर दाबाचा बहुतेक परिणाम पहिल्या काही फेऱ्यांतच होऊन जातो. म्हणून वनभर हवे तसे फिरण्यापेक्षा ठरलेल्या एकाच ओढवाटेवर (लाकूड ओढून नेण्याच्या वाटेवर) शंभर फेऱ्या झाल्या तरी बऱ्या. ओढवाटा नकाशावर कायमच्या आखाव्यात, सरळ उतारावरून न नेता तिरप्या न्याव्यात, ओढा ओलांडायचा तर काटकोनात आणि खडकाळ जागी ओलांडावा. काम संपले की वाटेवर तिरपे छोटे बांध घालून पाणी बाजूच्या पालापाचोळ्यात सोडावे. ओढ्याच्या दोन्ही काठांना निदान एका उंच झाडाच्या उंचीइतका पट्टा तोडीपासून राखावा. कायदा जास्त सांगत असेल तर तितका.

पोकळ, वठलेली आणि पडलेली झाडे साफ करण्याची सवय सोडावी लागते. फिनलंडच्या वनांतील सुमारे २० ते २५ टक्के प्रजाती मृत लाकडावर अवलंबून आहेत. वाटेपासून दूर असलेली जाड वठलेली झाडे उभी राहू द्यावीत, ढोली असलेली जिवंत झाडे पांढऱ्या पट्ट्याच्या यादीत घ्यावीत आणि बारीक फांद्या जमिनीवर पसरून कुजू द्याव्यात, कारण झाडाने मातीतून घेतलेल्या पोषकद्रव्यांचा मोठा वाटा पानांत आणि बारीक फांद्यांतच असतो.

वणव्याचा धोका असलेल्या भागात मात्र या सल्ल्याला मुरड घालावी. हद्दीजवळ, वाटेच्या कडेला आणि राखीव झाडांच्या बुंध्याशी फांद्यांचे ढीग ठेवू नयेत, आणि जमिनीवरची आग वेलींवरून किंवा सुक्या खालच्या फांद्यांवरून माथ्यात चढेल अशी शिडी राहू देऊ नये. उतार दर १० अंशांनी वाढला की वर चढणाऱ्या आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, म्हणून जाळरेषा, म्हणजे आग अडवण्यासाठी साफ केलेला पट्टा, डोंगराच्या धारेवर किंवा आधीच्या वाटेवर घ्यावी. उभ्या उताराच्या मध्यावर ती क्वचितच टिकते. कोरडा ऋतू सुरू होण्याआधी ती साफ असली पाहिजे. मुद्दाम लावलेल्या आगीने साफसफाई करण्याचे काम अनुभवी पथकाशिवाय आणि परवानगीशिवाय हाती घेऊ नये.

आराखड्याची वही

एवढे झाले की लिहायला फार थोडे उरते. सुरुवातीला नकाशा, मग प्रत्येक कक्षासाठी एक पान: क्षेत्र, प्रजाती, झाडांची संख्या, खोडक्षेत्र, रोपटी, ठरवलेले तीस वर्षांचे वाक्य आणि दहा वर्षांत करायची कामे वर्षानुसार. सगळ्या कक्षांतील जड कामे एकाच वर्षी येणार नाहीत अशी विभागणी करावी. शेवटी काही कोरी पाने सोडावीत आणि त्यांत वादळ, कीड, वणवा, कोणत्या दिवशी किती झाडे काढली, त्यांचे घेर किती होते, हे त्याच दिवशी लिहावे. तोडलेल्या झाडांच्या घेरांची नोंद नसेल तर पुढचा हिशोब अडतो. वर्तुळाच्या केंद्रावरून चारही दिशांना दरवर्षी एकाच महिन्यात एकेक छायाचित्र घ्यावे. डोळ्यांच्या आठवणीवर विसंबू नये.

पाच वर्षांनी फेरमोजणी करावी. वरच्या उदाहरणातील चौदाही झाडे ६३ वरून ७० सेंटिमीटरांवर गेली असतील, तर प्रत्येकाचे खोडक्षेत्र सुमारे ०.०३९ झाले, म्हणजे हेक्टरी बेरीज २७.३ चौरस मीटर. पाच वर्षांत ५.२ ची भर पडली, वर्षाला एकापेक्षा थोडी अधिक. या काळात काही झाडे तोडली असती तर त्यांचे खोडक्षेत्र वाढ काढताना परत मिळवावे लागले असते. आता ५.२ काढले तर वन पाच वर्षांपूर्वीच्या जागी येते. साठा वाढवायचा असेल तर तीन काढावे. वाढ अपेक्षेपेक्षा कमी दिसली, तर खुणांचा रंग घरीच ठेवून आधी कारण शोधावे. बऱ्याचदा ते कारण दाटी असते, कधी दुष्काळाचे वर्ष, आणि कधी केवळ टेप जुन्या फराट्यावर न लावता अंदाजाने लावलेली असते. म्हणून परत निघण्यापूर्वी प्रत्येक खोडावरचा तो फराटा, साल फुटून जेथे पुसट झाला असेल तेथे, त्याच उंचीवर नव्याने मारून घ्यावा.